डाव्या बाजूची खरखर आणि एक छोटा प्रीसेट

माझ्या जुन्या क्लास एबी अँप्लिफायरमधून हळू आवाजात तानपुरा ऐकताना डाव्या बाजूला बारीक खरखर येत असे, मात्र आवाज वाढवला की ती जाणवत नसे. तासभर चालवल्यावर उजवा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) कोमट होई आणि डावा थंडच राही, त्यामुळे बायस, म्हणजे आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहता ठेवलेला छोटा प्रवाह, कमी पडत असल्याचा संशय आला.

प्लग काढून मोठे फिल्टर कपॅसिटर १ किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून रिकामे केले आणि मीटरने खात्री केली. ही पायरी कोणीही कधीही गाळू नये, कारण ते प्लग काढल्यावरही बराच वेळ भारलेले राहू शकतात. नंतर स्पीकर काढून, इनपुट शॉर्ट करून, पुन्हा वीज देऊन आउटपुट ट्रान्झिस्टरला जोडलेल्या ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर व्होल्टेज मोजले, तेव्हा उजवीकडे सर्व्हिस मॅन्युअलमधले २२ मिलिव्होल्ट, म्हणजे १०० मिलिअँपिअर मिळाले, तर डावीकडे जेमतेम ३ मिलिव्होल्ट. लाकडी काडीने प्रीसेटला, म्हणजे बायस जुळवायच्या छोट्या फिरत्या रेझिस्टरला, हलकेच स्पर्श करताच आकडा उड्या मारू लागला: त्याचा सरकता संपर्क गंजला होता.

नवा मल्टिटर्न (अनेक फेरे फिरणारा) प्रीसेट किमान बायसवर ठेवून बसवला, आधी १०० वॅटच्या सीरिज बल्बमधून (चूक असल्यास जास्त प्रवाह रोखायला वाटेत जोडलेल्या) वीज दिली, आणि बल्ब मंद झाल्यावर तो काढून थेट जोडणीवर अर्धा-अर्धा फेरा फिरवत २२ मिलिव्होल्टपर्यंत आणले. अर्ध्या तासाने तापल्यावर पुन्हा जुळवले. आउटपुटवरचा डीसी ऑफसेट, म्हणजे स्पीकरला अपाय करू शकणारे नको असलेले स्थिर व्होल्टेज, अवघा ८ मिलिव्होल्ट भरला, म्हणून निर्धास्तपणे स्पीकर जोडले.

आता दोन्ही हीटसिंक सारखेच कोमट लागतात.