पेज नेमके कोठे आहे? लिनक्स कर्नलमधील मेमरीची जागा पाहायला शिकताना

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, मेमरी विभागात नव्याने पाऊल ठेवणाऱ्यांना मी आधी एकच प्रश्न हाती देतो: आपल्या प्रोग्रामचे हे पेज, म्हणजे कर्नल ज्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत मेमरी वाटतो त्यांतला एक तुकडा, यंत्रातल्या कोणत्या मेमरीत आहे, आणि ते आपल्याला कितपत कळावे? प्रश्नाचा पहिला भाग मला एका संथ प्रोग्रामने शिकवला. दुसरा समजायला बराच अधिक काळ लागला.

यंत्र दोन सॉकेटचे, म्हणजे दोन स्वतंत्र प्रोसेसर बसवलेले, होते. अशा न्यूमा रचनेत प्रत्येक प्रोसेसरच्या लगत त्याची स्वतःची मेमरी असते, आणि दुसऱ्या प्रोसेसरच्या मेमरीपर्यंत पोहोचायला जास्त वेळ लागतो. प्रोसेसर आणि त्याच्या लगतची मेमरी मिळून एक नोड होतो. न्यूमा-सीटीएल ही आज्ञा नोडांमधले सापेक्ष अंतर दाखवते. स्वतःच्या नोडचे अंतर नेहमी १०, आणि दुसऱ्याचे माझ्या यंत्रावर २१ होते. माझा प्रोग्राम एमॅप या कॉलने कर्नलकडून घेतलेल्या १ जीबीच्या एका मोठ्या ॲरेवर दोन्ही सॉकेटवरच्या थ्रेडांकडून (एकाच प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या धाग्यांकडून) काम करून घेत असे, आणि दुसऱ्या सॉकेटवरचे थ्रेड प्रत्येक वेळी मागे पडत. मी दोन आठवडे कुलुपांमध्ये, म्हणजे लॉकमध्ये, दोष शोधत होतो. अखेरीस एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारले, "अरे, न्यूमा मॅप्स उघडून पाहिलीस का?"

कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या प्रोक फाइलप्रणालीत प्रत्येक प्रोसेससाठी, म्हणजे चालू प्रोग्रामसाठी, असणारी ही फाइल २००५ मधील २.६.१४ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये आहे. तिच्यातील प्रत्येक ओळ मेमरीच्या एका पट्ट्याची असते: आरंभीचा पत्ता, पेज कोणत्या नोडवरून द्यायचे याचे धोरण आणि कोणत्या नोडवर किती पेज. माझ्या ॲरेच्या ओळीत नोड शून्यासमोर २,६२,१४४ हा आकडा होता आणि नोड एकचा उल्लेखच नव्हता. ४ केबीची २,६२,१४४ पेज म्हणजे बरोबर १ जीबी, म्हणजे अख्खा ॲरे एकाच बाजूला जाऊन बसला होता. कारण साधे होते. मेमरी मागितली म्हणजे पेज मिळाले असे होत नाही. एखादा थ्रेड त्या पेजला प्रथम हात लावतो तेव्हा कर्नल ते देतो, आणि मूळ धोरणानुसार शक्यतो तो थ्रेड ज्या नोडवर चालत असेल तेथूनच देतो. माझ्या प्रोग्रामचा मुख्य थ्रेड सुरुवातीलाच सगळा ॲरे शून्याने भरत होता. पेज आपोआप योग्य नोडकडे हलवणारी कर्नलची सोय त्या यंत्रावर बंद होती, त्यामुळे ती तिथेच राहिली. प्रत्येक थ्रेडने आपापला भाग स्वतः भरावा एवढाच बदल केला, आणि त्या ओळीत दोन्ही नोडांसमोर १,३१,०७२ दिसू लागले. तो आकडा पाहताना झालेला आनंद मला आजही आठवतो.

यानंतर मला आणखी खोल पाहायचे होते, म्हणून मी प्रोकमधीलच पेजमॅप ही फाइल वाचणारा छोटा प्रोग्राम लिहिला. या फाइलीत प्रत्येक आभासी पेजसाठी, म्हणजे प्रोग्रामला दिसणाऱ्या पत्त्यांवरील पेजसाठी, ६४ बिटांची नोंद असते. पेज मेमरीत असेल तर खालच्या ५५ बिटांत त्याच्या भौतिक चौकटीचा, म्हणजे प्रत्यक्ष मेमरीतल्या जागेचा, क्रमांक असतो. मला मात्र सगळीकडे शून्यच मिळत होते. दोष माझ्या कोडचा नव्हता. मेमरी चिपमधील एकच ओळ वारंवार उघडून शेजारच्या ओळींतले बिट उलटवण्याचा रोहॅमर हल्ला २०१५ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरोने प्रत्यक्ष वापरून दाखवला, आणि भौतिक पत्ते माहीत असले की नेमकी ओळ निवडणे सोपे जाते. म्हणून त्याच वर्षी ४.० या आवृत्तीत ही फाइल सामान्य वापरकर्त्याला बंद झाली, आणि ४.२ पासून ती पुन्हा उघडली तरी विशेषाधिकार नसलेल्यास चौकटीच्या जागी शून्य दिसते.

येथे मला सुरुवातीच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे, म्हणजे कितपत कळावे याचे, उत्तर मिळाले. माझा ॲरे दुरुस्त करायला भौतिक पत्ता कधीच लागला नव्हता, नोडचा क्रमांक पुरेसा होता. आणि पेज एका नोडवरून दुसऱ्यावर हलवणाऱ्या मूव्ह-पेजेस या सिस्टम कॉलला (कर्नलकडे काम मागण्याच्या मार्गाला) इच्छित नोडांची यादी न देता नुसते पत्ते दिले, तर तो काहीही न हलवता प्रत्येक पेजचा नोड तेवढा सांगतो. स्वतःच्या प्रोसेससाठी त्याला विशेषाधिकारही लागत नाही. वापरकर्त्याच्या कामाला पुरेल तेवढेच सांगणारी ही रचना मला फार मोलाची वाटते. कर्नलमध्ये नवी फाइल किंवा फाइलीत नवा रकाना सुचवताना मी आता आधी हेच तपासतो, कारण एकदा प्रोग्राम त्यावर विसंबले की ते मागे घेणे जवळजवळ अशक्य होते.

मिळणारे उत्तर त्या क्षणापुरतेच खरे असते, हेही ध्यानात ठेवावे: आपण वाचून संपवेपर्यंत कर्नलने पेज हलवलेले असू शकते. शिवाय न्यूमा मॅप्स वाचताना कर्नलला प्रोसेसची पेज-कोष्टके, म्हणजे कोणते पेज कोठे आहे याच्या नोंदी, एकेक करून पाहावी लागतात, म्हणून मोठ्या डेटाबेसवर ती दर सेकंदाला वाचू नये.

दोन सॉकेटचे यंत्र हाताशी नसल्यास अडून राहू नये. एक्स-८६ संगणकावर न्यूमा फेक हा बूट-पर्याय देण्याची सोय कर्नलमध्ये असल्यास साध्या लॅपटॉपची मेमरीही दोन नोडांत विभागता येते, आणि क्यूएमू या सॉफ्टवेअरने उभारलेल्या आभासी यंत्रातही नोड मांडता येतात. अंतराचा खरा वेळ तेथे मोजता येणार नाही, पण एका थ्रेडने भरलेला ॲरे आणि अनेकांनी मिळून भरलेला ॲरे यांच्या ओळी शेजारी ठेवून वाचण्यासाठी एवढे पुरते.