पावसाळ्यात केस गळू नयेत म्हणून काय करावे

पावसाळा लागला की कंगव्यात केसांचे पुंजके दिसू लागतात आणि मग कोणी तेल बदलतो, कोणी शाम्पू. त्याआधी एक काम करा: गळलेला केस हातात घेऊन नीट पाहा.

१. केस गळतोय की तुटतोय?

केसाच्या एका टोकाला बारीक पांढरट गाठ असेल तर तो मुळापासून सुटलेला आहे. गाठ नसेल आणि तुकडा आखूड असेल तर तो मधेच तुटला आहे. दिवसाला साधारण ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक असते. दोन-तीन दिवस केस धुतले नाहीत की सुटलेले केस अडकून राहतात आणि धुताना एकदम निघतात, त्याने घाबरू नका.

मुळापासून सुटणाऱ्या केसाची वाढ बहुधा दोन-तीन महिन्यांपूर्वीच थांबलेली असते. म्हणून केस फार जात असतील तर आजच्या पावसाला दोष देण्याआधी मागचे महिने आठवा. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, झपाट्याने वजन उतरवणे, यांपैकी काही झाले होते का? असे गळणे सहसा काही महिन्यांत आपोआप थांबते. जो केस सुटणारच आहे, त्याला कोणतेही तेल धरून ठेवू शकत नाही. तुटणे आणि टाळूचे बिघडणे मात्र बरेचसे आपल्या हातात आहे, आणि दमट हवेत खरे नुकसान तिथेच होते.

२. टाळू कोरडी ठेवा

या लेखातले एकच काही करणार असाल तर हे करा. मॅलॅसेझिया नावाची बुरशी जवळपास प्रत्येकाच्या टाळूवर असते आणि त्वचेच्या तेलावर जगते. दमट हवेत घाम, तेल आणि ओल एकत्र आली की तिचे फावते. मग कोंडा, खाज, आणि खाजवून खाजवून कमजोर झालेले केस.

पावसात भिजल्याने लगेच केस जात नाहीत. तासन् तास ओले राहणे वाईट. घरी आल्यावर साध्या पाण्याने डोके धुवा आणि मुळांपर्यंत वाळवा. ओल्या केसांचा अंबाडा किंवा वेणी घालू नका, ओल्या डोक्याने झोपू नका, ओल्या केसांवर हेल्मेट चढवू नका. हेल्मेटचे आतले अस्तरही वाळू द्या. ही गोष्ट हमखास विसरली जाते.

३. धुवायला घाबरू नका

केस जातील या भीतीने आठवडा-आठवडा न धुणे उलट अंगाशी येते. टाळू तेलकट असेल तर एक दिवसाआड सौम्य शाम्पू चालतो. कोरड्या किंवा कुरळ्या केसांना आठवड्यातून एक-दोनदा पुरे. शाम्पू टाळूला, कंडिशनर केसांच्या लांबीला.

कोंडा असेल तर २ टक्के कीटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरतात. फेस ३ ते ५ मिनिटे टाळूवर राहू द्या. लगेच धुऊन टाकलात तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. गरोदर किंवा स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी आणि मुलांसाठी वापरताना आधी डॉक्टरांना विचारावे.

४. ओल्या केसांशी हळुवार वागा

पाण्याने केसातल्या केरॅटिन या प्रथिनाचे काही बंध तात्पुरते सुटतात. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. म्हणून टॉवेलने खसाखसा पुसू नका. मऊ सुती कापडाने दाबून पाणी टिपा. ड्रायर वापरायचा तर किमान १५ सेंटीमीटर लांब, कमी उष्णतेवर आणि सतत हलता ठेवा. केस थोडे वाळल्यावर रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर गुंता सोडवत जा. कुरळे केस याला अपवाद, ते कंडिशनर लावलेले असतानाच सोडवलेले बरे.

५. तेल बेताने

खोबरेल तेल केसात शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, त्यामुळे धुण्याआधी तास-दोन तास लांबीला लावा. कोंडा असताना मात्र टाळूवर तेल थापू नका, बुरशीला ते खाद्यच होते.

६. गोळ्यांआधी तपासणी

पुरेशी प्रथिने पोटात जायला हवीत, हे आहेच. लोह कमी असण्याची किंवा थायरॉइड बिघडल्याची शंका असेल तर रक्त तपासून घ्या, अंदाजाने गोळ्या सुरू करू नका. केसांसाठी म्हणून बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर तपासणीआधी तसे सांगा, कारण त्याने थायरॉइडसह काही चाचण्यांचे निकाल चुकू शकतात.

७. डॉक्टरांकडे कधी?

गळणे तीन महिन्यांहून अधिक चालले, भांग रुंद होत गेला, चाई पडल्यासारखा गुळगुळीत चट्टा दिसला, टाळू दुखू लागली किंवा पू झाला, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. लहान मुलाच्या डोक्यावर खपल्यांचा गोल चट्टा असेल आणि तिथले केस तुटत असतील तर थांबू नका. तो बुरशीचा संसर्ग असू शकतो, त्याला पोटातून औषध लागते आणि तो घरातल्या इतरांनाही होऊ शकतो. तोवर कंगवा, टॉवेल आणि टोपी वेगळी ठेवा.