छोट्या गाडीचे गचके कमी कसे करावेत

आईच्या कंबरेचं दुखणं सुरू झालं तेव्हा आमच्या छोट्या गाडीचे गचके मला खऱ्या अर्थाने कळले. घर ते दवाखाना जेमतेम चार किलोमीटर. वाटेत पेव्हर ब्लॉकचा एक लांब पट्टा, सहा गतिरोधक आणि ड्रेनेजची खोल गेलेली झाकणं. प्रत्येक झाकणाला आई दाराच्या वरची कडी घट्ट धरायची. मी घाईघाईने पुढचे दोन्ही शॉकअप आणि लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे दांडे) बदलून घेतले. खर्च झाला, गचके होते तसेच राहिले. कारण मी काम उलट्या टोकाने सुरू केलं होतं. सुरुवात टायरपासून करायची आणि शॉकअपपर्यंत शेवटी पोचायचं, हे मला नंतर उमगलं.

आधी छोटी गाडी का आदळते, ते पाहू. समजा रिकाम्या गाडीचं वजन ८०० किलो आहे. पाच माणसं आणि सामान मिळून ४०० किलो, म्हणजे गाडीच्या निम्मं वजन वर चढतं. तेवढं पेलता यावं म्हणून स्प्रिंग दणकट द्यावी लागते आणि एकटा माणूस गाडी चालवत असेल तर ती जेमतेम दबते. १,६०० किलोच्या मोठ्या गाडीला तीच माणसं पाव वजनाची. शिवाय चाक, टायर आणि ब्रेक यांचं वजन हलक्या बॉडीच्या मानाने जास्त भरतं, त्यामुळे चाक उडालं की बॉडीलाही हिसका बसतो. तिसरी गोष्ट पुढच्या आणि मागच्या चाकांतल्या अंतराची. ऑल्टो ८०० मध्ये ते २,३६० मिलिमीटर आहे, इनोव्हा क्रिस्टामध्ये २,७५०. अंतर कमी असलं की गाडी पुढे-मागे जास्त डोलते. यातलं काही आपल्या हातात नाही, पण बाकी बरंच आहे.

आधी गचका ओळखा

रोजच्या वाटेवरचा एक किलोमीटरचा खराब तुकडा निवडा. दर वेळी तिथूनच, त्याच वेगाने, शक्यतो तेवढ्याच माणसांसह जा. खिडक्या बंद आणि गाणी बंद. गाडी सतत बारीक थरथरत असेल तर बहुधा टायर किंवा हवा. खड्ड्यात ‘धाड’ असा एकच कोरडा आवाज येत असेल तर बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की धक्का झेलणारा तुकडा) किंवा संपलेला शॉकअप. गतिरोधक ओलांडल्यावरही गाडी दोन-तीनदा वरखाली होत राहिली तर शॉकअपच. ‘कटकट’ आवाज येत असेल तर लिंक रॉड (सस्पेन्शनमधली एक जोडदांडी), बुश (सांध्यातलं रबर) किंवा शॉकअपच्या वरचं माउंटिंग, म्हणजे तो बॉडीला जोडणारा भाग. आणि फक्त ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर त्याचा सस्पेन्शनशी, म्हणजे स्प्रिंग-शॉकअपच्या यंत्रणेशी, संबंध नसतो बहुतेक, आधी व्हील बॅलन्सिंग करून घ्या.

पुढे जे काही कराल ते एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

हवा

हे काम जवळपास फुकट आहे आणि सर्वांत जास्त फरक यानेच पडतो, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर कंपनीने सांगितलेली हवा पीएसआयमध्ये (हवेच्या दाबाचं माप) लिहिलेली असते. बऱ्याच गाड्यांना दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी आणि एक भरलेल्या गाडीसाठी. एकटे-दुकटे फिरत असाल तर पहिला आकडा तुमचा. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा बघून हवा भरू नका. ती त्या टायरची कमाल मर्यादा असते, तुमच्या गाडीची शिफारस नव्हे.

पंपावर गाडी नेली की हवा भरणारा बऱ्याचदा न विचारता ३५ भरून मोकळा होतो. आमच्या गाडीला स्टिकरवर ३० होती. मी स्वतःचं गेज आणून सकाळी तपासली, तर चारही चाकांत ३६ ते ३८. टायरचा कडकपणा बराचसा आतल्या हवेवर असतो, म्हणजे आमचे टायर सुमारे पाचव्या हिश्शाने जास्त कडक होऊन धावत होते! ३० वर आणल्यावर पेव्हर ब्लॉकची थरथर त्याच दिवशी उतरली.

मोजणी नेहमी थंड टायरची. गाडी तीन-चार तास उभी असली पाहिजे. चालून तापलेल्या टायरमध्ये आकडा तीन-चारने चढतो, तो पाहून हवा काढली की टायर थंड झाल्यावर कमी भरते. म्हणून स्वतःचं गेज घ्या, काही शे रुपयांत मिळतं. नायट्रोजनने गाडी मऊ होते असं सांगतात, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. ३६ चा नायट्रोजन ३६ च्या हवेइतकाच कडक.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. आणखी मऊ व्हावी म्हणून स्टिकरच्या खाली जाऊ नका. हवा कमी असली की टायरची कड सारखी दुमडते, तापते आणि वेगात फुटू शकते. समृद्धीसारख्या महामार्गावर ताशी १२० ची परवानगी आहे. उन्हाळ्यात तिथे भरल्या गाडीला भरल्या गाडीचीच हवा हवी.

टायर

टायरच्या कडेवर एका लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी वर्षांगणिक रबर कडक होत जातं. सात-आठ वर्षांचा टायर असेल तर सस्पेन्शनवर खर्च करण्याआधी तो बदला.

आता मापाचं. स्विफ्टच्या तिसऱ्या पिढीत खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर होता आणि वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५. पहिल्या टायरच्या कडेची उंची १३२ मिलिमीटर भरते, दुसऱ्याची १२०. बाहेरचा व्यास दोन्हींचा जवळजवळ सारखा, म्हणजे मोठी रिम घेतली तेव्हा रबराची आणि हवेची उशी १२ मिलिमीटरने कमी झाली. दिसायला भरीव, बसायला कडक. तुमच्या गाडीच्या खालच्या मॉडेलला लहान रिम येत असेल तर टायर बदलायच्या वेळी त्या मापाचा विचार जरूर करा. ती रिम तुमच्या ब्रेकवर बसते का, ते आधी लावून पाहा. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको. टायरवर ‘एक्स्ट्रा लोड’ किंवा ‘एक्सएल’ लिहिलेलं असेल आणि गाडीला त्याची गरज नसेल तर टाळा, त्यांच्या कडा सहसा जास्त कडक असतात.

बाहेरून जड अलॉय बसवले असतील तर मूळ चाकं परत लावून बघा. चाक जितकं जड तितका हिसका मोठा.

स्प्रिंगमधले रबरी बफर काढा

ॲक्सेसरीच्या दुकानांत स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये अडकवायचे रबरी बफर मिळतात. ‘गाडी मऊ चालेल आणि उंचही होईल’ असं सांगून ते विकले जातात. उंची वाढते हे खरं. पण स्प्रिंगचे जेवढे वेढे मोकळे तेवढी ती मऊ, आणि बफर त्यातले वेढे अडवतो, म्हणजे स्प्रिंग आणखी कडक होते. जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाने ते बसवलेत का, चाकामागे टॉर्च मारून पाहा. स्प्रिंग कापून घेतलेली असेल तर तीही याच कारणाने कडक होते. तिथे दुसरा उपाय नाही, कंपनीच्या मापाची नवी स्प्रिंग टाका.

रबर, बुश आणि शॉकअप

इथून पुढे गॅरेज. शॉकअपच्या दांडीवर फेसासारखा एक बंप स्टॉप असतो. काही वर्षांनी त्याचा भुगा होतो, मग खड्ड्यात धातूवर धातू आदळतो आणि आपण म्हणतो सस्पेन्शन कडक आहे. शॉकअपवरची धूळ तेलाने ओली असेल, किंवा टायरवर तळहात फिरवल्यावर लाटांसारखे उंचवटे लागत असतील, तर शॉकअप संपला. बदलताना एकाच एक्सलचे (पुढचे किंवा मागचे) दोन्ही बदला, बंप स्टॉप आणि वरचं माउंटिंग त्यासोबतच नवं घ्या, आणि नंतर अलाइनमेंट करून घ्या. ‘स्पोर्ट’ नावाचे शॉकअप घेऊ नका, कंपनीच्या दर्जाचे साधेच आरामदायी असतात.

आमच्या गाडीचं दुखणं मात्र वेगळ्याच ठिकाणी निघालं. लोअर आर्मच्या बुशमध्ये रबराच्या पोटात एक लोखंडी नळी असते. बोल्ट आवळला की नळी जागच्या जागी धरली जाते आणि आर्म हलेल तसं रबर पिळलं जातं. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर रबर त्या लोंबत्या स्थितीत सरळ असतं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं, जादा स्प्रिंगसारखं अडतं आणि लवकर फाटतं. आमचे नवे आर्म तसेच आवळले गेले होते. दुसऱ्या मेकॅनिकने गाडी गॅरेजमधल्या कामाच्या खड्ड्यावर, चाकं जमिनीवरच ठेवून घेतली, बोल्ट सैल केले, गाडी दोन-चारदा दाबून तिच्या नेहमीच्या उंचीवर बसू दिली आणि मग टॉर्क पान्याने आवळले. नवा भाग एकही लागला नाही. झाकणांवरचा हिसका निम्मा तरी कमी झाला असेल.

म्हणून लोअर आर्म किंवा मागच्या बीमचे (मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याचे) बुश बदलणार असाल तर गाडी देतानाच सांगा, ‘शेवटचं आवळणं चाकांवर वजन असताना करा.’ चांगला मेकॅनिक लगेच मान डोलावतो.

बसण्याची जागा आणि चालवणं

कंबर दुखत असलेल्या माणसाला मागे, चाकाच्या जवळ बसवू नका. पुढच्या सीटवर, दोन एक्सलच्या मध्ये गचका कमी लागतो. सीटचा फोम बसला असेल तर कुशनवाल्याकडून बदलून घ्या, मात्र सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर तिथे कव्हर शिवू देऊ नका.

खड्डा दिसला की ब्रेक आधी मारा आणि चाक खड्ड्यात जायच्या आत पाय उचला. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली गेलेलं असतं, पुढची स्प्रिंग आधीच दबलेली असते आणि धक्का झेलायला जागा उरत नाही. आईला घेऊन जाताना मी आता एवढं एकच डोक्यात ठेवतो. रस्त्यावरच्या रंबलरच्या पट्ट्या मात्र छोट्या गाडीला जाणवणारच, तिथे वेग २० वर आणायचा आणि सरळ, सावकाश पार व्हायचं.