सुगंधी मेणबत्तीसाठी तेल निवडताना

दिवाळीच्या तोंडावर घरोघरी सुगंधी मेणबत्त्या होऊ लागतात. मेण, साचे आणि रंग पारखून घेतले जातात, पण सुगंधी तेल मात्र नुसत्या वासावर विकत घेतले जाते. माझ्या मते खरी काळजी तेथेच घ्यायला हवी.

विक्रेत्याकडे तेलाची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्यातील धोक्यांची माहिती देणारा कागद, आणि ‘इफ्रा’चे प्रमाणपत्र मागावे, ते देण्यास जो टाळाटाळ करील, त्याचे तेल घेऊ नये. ‘इफ्रा’ ही सुगंध उद्योगाची १९७३ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संघटना असून तिच्या वर्गवारीत मेणबत्त्या बाराव्या गटात येतात. प्रमाणपत्रात त्या गटापुढे तेलाची कमाल मर्यादा म्हणून पुष्कळदा १०० टक्के असा आकडा असतो. त्याचा अर्थ हवे तितके तेल ओतावे असा नाही, कारण ही मर्यादा प्रामुख्याने त्वचेशी येणाऱ्या संपर्कावरून ठरवलेली असते आणि धुराचा हिशेब तिच्यात नसतो. सुरुवातीला ५०० ग्रॅम मेणाला ३० ग्रॅम, म्हणजे ६ टक्के तेल घ्यावे, आणि तेही चमच्याने न मोजता काट्यावर तोलावे. तेल जास्त झाले की ते मेणावर घामासारखे सुटते आणि ज्योत काजळी धरते. अंगाला लावायचा स्प्रे मेणात कधीही घालू नये. त्यातील अल्कोहोल पेट घेते.

‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबू नये. संत्र्याच्या सालीच्या तेलातील लिमोनीन आणि लॅव्हेंडरमधील लिनालूल यांचा हवेशी संयोग झाला की त्वचेवर ॲलर्जी आणणारी द्रव्ये तयार होतात. शिवाय लिमोनीनची हवेतील ओझोनशी प्रक्रिया होऊन फॉर्माल्डिहाइड हा घातक वायू निर्माण होतो. म्हणून बाटलीचे झाकण घट्ट लावावे आणि जुने, उग्र झालेले तेल वापरू नये.

वात शक्यतो निव्वळ सुती घ्यावी. तिच्यात धातूची तार असेल तर ती पांढऱ्या कागदावर घासून पाहावी. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर तार शिशाची असू शकते. अमेरिकेने अशा वातींवर २००३ साली बंदी घातली आहे.

मेण थेट गॅसवर न ठेवता उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे. मेणाने पेट घेतलाच तर पाणी ओतू नये, भांड्यावर झाकण ठेवावे. शोभेसाठी सुक्या पाकळ्या किंवा दालचिनी वर खोचू नये, कारण ज्योत तेथे पोहोचली की तीही पेटतात.

मेणबत्ती लावण्यापूर्वी वात सुमारे ६ मिलिमीटर ठेवून कापावी, खिडकी थोडी उघडी ठेवावी आणि सलग चार तासांहून अधिक वेळ ती जळू देऊ नये. घरात दमेकरी, तान्हे मूल किंवा पाळलेला पक्षी असेल, तर त्या खोलीत बिनवासाची मेणबत्तीच लावावी. मांजर असल्यास टी ट्री या तिला विषारी ठरणाऱ्या सुगंधी तेलाची बाटली तिच्या वाटेला येणार नाही अशा बंद कपाटात ठेवावी.