नरसिंह रावांवर दहा मिनिटं बोलायचंय? मग जन्मतारखेपासून सुरू करू नका

"पी. व्ही. नरसिंह राव: जीवन आणि कार्य" असा विषय अंगावर आला की बहुतेक जण २८ जून १९२१ पासून सुरू करतात, मग शिक्षण, मग मंत्रिपदं, आणि १९९१ पर्यंत पोचेपर्यंत समोरच्यांच्या हातात मोबाईल आलेले असतात. तसं करू नका.

सुरुवात थेट १९९१ च्या उन्हाळ्यापासून करा. म्हातारा माणूस राजकारणातून जवळजवळ बाहेर पडलेला, त्या निवडणुकीला उभासुद्धा नव्हता, आणि २१ मे ला राजीव गांधींची हत्या झाली आणि बरोबर महिन्याने, २१ जूनला, हेच गृहस्थ पंतप्रधान. तेही अल्पमतातल्या सरकारचे. तिजोरीत परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं. जुलैत रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं आणि रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं परदेशात गहाण टाकलं. आपल्याकडे घरातलं सोनं गहाण पडणं म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, त्यामुळे इथे आकडा सांगून जरा थांबा.

आता मागे जा, पण सगळं बालपण नको, फक्त १९७१ ते ७३. माझ्या मते अख्ख्या भाषणाची किल्ली इथे आहे आणि लोक हीच सोडतात. आंध्रचे मुख्यमंत्री असताना, स्वतः जमीनदार घरातले असून, रावांनी जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा विषय जोरात लावून धरला, बडे जमीनमालक बिथरले, त्यात मुल्की नियमांच्या (तेलंगणातल्या सरकारी नोकऱ्या तिथल्याच रहिवाशांना देणाऱ्या नियमांच्या) निकालावरून वेगळ्या आंध्र राज्यासाठी 'जय आंध्र' आंदोलन पेटलं आणि जानेवारी १९७३ मध्ये खुर्ची गेली, राष्ट्रपती राजवट आली. उघड्यावर शिंगं रोखून सुधारणा केली की काय होतं ते तिथे कळलं असणार.

हे सांगून झालं की २४ जुलै १९९१ वर या. उद्योग खातं रावांनी स्वतःकडेच ठेवलं होतं. त्या दिवशी नवं औद्योगिक धोरण संसदेत मांडलं, १८ उद्योग सोडून बाकीच्यांना लायसन्सची अट रद्द, म्हणजे लायसन्स राजचा, सरकारी परवान्याशिवाय उद्योग काढता न येण्याच्या पद्धतीचा, कणाच मोडला, पण मजकुराची सुरुवात कुणाच्या नावाने तर नेहरूंच्या! आणि त्याच संध्याकाळी अर्थमंत्री मनमोहनसिंगांचं बजेट, त्यामुळे सगळी चर्चा बजेटकडे. १९७२ चा माणूस आणि हा माणूस शेजारी ठेवून दाखवा, तुम्हाला वेगळं विशेषण वापरावं लागणार नाही.

इस्रायलशी राजनैतिक संबंध, पंचायतींची ७३ वी घटनादुरुस्ती, पूर्वेकडच्या देशांशी जवळीक, हे दोन वाक्यांत उरका.

पण ६ डिसेंबर १९९२ उरकू नका. बाबरी पडली तेव्हा पंतप्रधान हेच होते, आणि गप्प राहून काम साधायची जी सवय अर्थकारणात कामी आली तीच इथे महागात पडली असं मला वाटतं, तुमचं मत वेगळं असेल तर ते मांडा, फक्त टाळू नका. १९९३ च्या अविश्वास ठरावात सरकार वाचवायला खासदारांना लाच दिल्याच्या आरोपाचं प्रकरणही सांगा, २००० मध्ये दोषी ठरले, २००२ मध्ये उच्च न्यायालयात सुटले, दोन्ही सांगा, अर्धं सांगणं बरं नाही.

मराठी श्रोते असतील तर एक हुकमी पान हातात ठेवा. १९८४ ला लोकसभेला आंध्रातल्या हनमकोंड्यात पडले पण रामटेकने निवडून दिलं, शिकायला पुण्यात फर्ग्युसनला होते, आणि ह. ना. आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' चा तेलुगू अनुवाद यांनीच केलाय. हे ऐकलं की मागच्या रांगेतले पण मान वर करतात.

शेवटी कुणीतरी विचारणारच की आर्थिक सुधारणांचं क्रेडिट मनमोहनसिंगांचं का रावांचं. वाद घालत बसू नका, उद्योग खातं कुणाकडे होतं तेवढं पुन्हा सांगा आणि खाली बसा.