कुत्र्याच्या फिटची नोंद अभ्यासाला उपयोगी पडेल अशी कशी ठेवावी

अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, कुत्र्यांना माणसांप्रमाणेच आपसूक जडतो; उंदरांमध्ये मात्र तो अभ्यासासाठी बहुधा मुद्दाम घडवून आणावा लागतो. फेनोबार्बिटोनची गोळी माणूस आणि कुत्रा दोघांनाही दिली जाते, आणि दोघांमध्येही सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या फिट औषधांनी पुरेशा आटोक्यात येत नाहीत. लाफोरा या अपस्माराच्या गंभीर प्रकारात माणसांच्या ज्या जनुकांत बिघाड आढळतो, त्यांपैकी एकातील दोष २००५ साली राठ केसांच्या छोट्या डॅशहुंड कुत्र्यांमध्येही सापडला. म्हणूनच कुत्र्याची फिट माणसांच्या अपस्माराच्या अभ्यासालाही उपयोगी पडते. मात्र ती डॉक्टरांसमोर क्वचितच येते. ती घरी, अनेकदा पहाटे येते, आणि म्हणूनच मालकाच्या वहीला मोल आहे.

फिट सुरू होताच घड्याळ पाहावे, आजूबाजूचे सामान दूर सारावे आणि मोबाईलवर चित्रण सुरू करावे. तोंडात हात घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने काहीही साधत नाही, कुत्र्यालाही नाही आणि माणसालाही नाही. फिट पाच मिनिटांपुढे गेली किंवा चोवीस तासांत दुसरी आली, तर नोंद बाजूला ठेवून तातडीने दवाखाना गाठावा.

सर्वांत मोलाचे असतात ते पहिले काही क्षण. ठाण्यात वसंत विहारमधल्या आमच्या घरी लॅब्रॅडोर फरशीवर कोसळून पोहल्यासारखे पाय मारू लागला की मगच आमचे लक्ष जात असे, त्यामुळे ‘एकदम सगळे अंग आखडते’ असेच मी कित्येक महिने लिहीत राहिलो. एकदा तो खेळत असतानाचे चित्रण चालू होते आणि त्यात दिसले की, कोसळण्यापूर्वी काही सेकंद त्याच्या उजव्या ओठाचा कोपराच तेवढा फडफडत होता. फिट मेंदूच्या डाव्या भागातून सुरू होऊन पसरत असावी, असे डॉक्टरांनी त्यावरून सांगितले. अंग कुठून हलू लागले, हाक ऐकू आली का, लघवी झाली का आणि नीट चालायला किती वेळ लागला, हे त्याच दिवशी लिहावे. चुकलेली गोळीही लपवू नये.

डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार, विषबाधा, रक्तातील साखर उतरणे किंवा यकृताचा विकार ही कारणे तपासण्यांनी आधी वगळून घ्यावीत. असे दुसरे कारण नसलेल्या मूळ अपस्माराची पहिली फिट साधारणपणे सहा महिने ते सहा वर्षे या वयात येते. शक्य असल्यास एकाच वेतातील भावंडांचे मालकही शोधावेत, कारण जनुकांच्या अभ्यासात आजारी पिल्लाइतकेच, म्हातारपणापर्यंत एकही फिट न आलेल्या भावंडाचे रक्तही लागते.