या चुका टाळा : रसायनशास्त्रात नियम पाठ असतो, त्याची हद्द माहीत नसते

सराव चाचणी सोडवताना प्रत्येक उत्तरापुढे पेन्सिलीने 'ख' किंवा 'अं' लिहा. ख म्हणजे खात्री, अं म्हणजे अंदाज. अंदाजाने लिहून चुकलेल्या उत्तरांचा फार विचार करू नका. तो धडा अजून वाचायचा आहे, एवढाच त्यांचा अर्थ. खात्रीने लिहून चुकलेली उत्तरे मात्र वेगळ्या कागदावर उतरवा. नीटमध्ये अशा एका उत्तराने ५ गुणांचा फरक पडतो : मिळणारे ४ जातात, वर १ कापला जातो. सीईटीत गुण कापत नाहीत, म्हणून तिथे 'अं' वाला प्रश्न कोरा सोडणे हीच चूक. अकरावी-बारावीच्या रसायनात 'ख'च्या यादीत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न जवळपास ठरलेले आहेत.

२२.४ कुठे चालते

१ मोल (कणांची ठरावीक संख्या) म्हणजे २२.४ लिटर, हे फक्त वायूला लागू, तेही ० अंश सेल्सिअस आणि १ अ‍ॅटमॉस्फिअर दाबाला. आययूपीएसी या आंतरराष्ट्रीय रसायन संघटनेने १९८२ पासून प्रमाण दाब १ बार धरला आहे. त्याने हाच आकडा २२.७ होतो. त्यामुळे प्रश्नात दाब कोणता दिला आहे ते आधी पाहा. 'एसटीपीला (प्रमाण तापमान-दाबाला) १८ ग्रॅम पाण्याचे आकारमान किती?' या प्रश्नाला २२.४ लिटरवर टिक पडते ती सवयीने. पाणी तिथे वायू नाही. उत्तर साधारण १८ मिलिलिटर.

सोलापुरात मे महिन्यात पारा ४२ वर असताना, दाब १ अ‍ॅटमॉस्फिअर धरला तर, १ मोल वायूला ०.०८२१ गुणिले ३१५, म्हणजे २५.९ लिटर जागा लागते. केल्विन करायचे विसरून ४२ नेच गुणले की ३.४ लिटर येते. तापवलेला वायू आकसला, असे सांगणारे उत्तर वहीत उतरवण्याआधी हात थांबायला हवा.

लिमिटिंग रिएजंट म्हणजे वजनाने कमी असलेला पदार्थ, हा दुसरा गैरसमज. ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन घ्या. हायड्रोजन २ मोल आहे, ऑक्सिजन अर्धाच मोल. आधी संपतो तो ऑक्सिजन, म्हणून लिमिटिंग तोच. पाणी १८ ग्रॅम तयार होते आणि २ ग्रॅम हायड्रोजन उरतो.

पीएचची सरासरी काढू नका

पीएच ३ आणि पीएच ५ असलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाची सारखी आकारमाने मिसळली तर उत्तर ४ येत नाही. पीएच हा हायड्रोजन आयनांच्या तीव्रतेचा (उणे) लॉग आहे. सरासरी हायड्रोजन आयनांच्या तीव्रतेची काढायची. ०.००१ आणि ०.००००१ यांची सरासरी ०.०००५०५, म्हणून पीएच ३.३. याच घराण्यातला दुसरा सापळा म्हणजे १० चा उणे ८ घात इतक्या तीव्रतेचे हायड्रोक्लोरिक आम्ल. सूत्रात टाकले की पीएच ८ येतो आणि आम्ल आम्लारी होऊन बसते. इतक्या पातळ द्रावणात पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन जास्त असतात. ते धरले की ६.९८ येतो.

हायड्रो, हायपो आणि पेरॉक्साइड

चादर-टॉवेलच्या डाइंगमध्ये ज्याला 'हायड्रो' म्हणतात तो सोडियम डायथायोनाइट. कॉस्टिक सोड्याबरोबर तो व्हॅट रंगाचे क्षपण करतो, मग रंग विरघळून सुतात शिरतो. प्रयोगशाळेतला 'हायपो' वेगळा, तो सोडियम थायोसल्फेट. नावे जवळची, म्हणून ऑक्सिडेशन नंबरच्या प्रश्नात अदलाबदल होते. दोन्हीत सोडियम दोन आणि गंधक दोन. हायड्रोत ऑक्सिजन चार, हायपोत तीन. हिशेब केला की हायड्रोत गंधक +३, हायपोत +२. हायपोतला +२ ही सरासरी आहे, तिथले दोन गंधक एकसारखे नाहीत.

टॉवेल पांढरा करणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजन उणे २ धरला की पुढचे सगळे गणित बिघडते. तो उणे १. बाटलीवरचे '१० व्हॉल्यूम' म्हणजे १० टक्केही नव्हे. १ मिलिलिटर द्रावणातून १० मिलिलिटर ऑक्सिजन सुटतो, असा त्याचा अर्थ. १० ला ११.२ ने भागले की ०.८९ मोलार (लिटरमागे ०.८९ मोल), म्हणजे साधारण ३ टक्के. आणि पेरॉक्साइड नेहमी ऑक्सिडीकारकच असतो असेही नाही. परमँगनेटसमोर तोच क्षपणकारक होतो आणि ऑक्सिजनचे बुडबुडे सोडतो.

मळीचा हिशेब

सोलापूर जिल्ह्यात इतके साखर कारखाने, तरी मळीपासून इथेनॉलच्या गणितात निम्मे उत्तर लिहिले जाते. ३४२ ग्रॅम साखर म्हणजे १ मोल. पाण्याबरोबर तिचे एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज होते, आणि प्रत्येकातून इथेनॉलचे दोन मोल निघतात. एकूण चार मोल, १८४ ग्रॅम. फ्रुक्टोज विसरले की ९२ वर गाडी थांबते.

पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून शंभर टक्के इथेनॉल मिळेल, हेही खात्रीने लिहिले जाते. ९५.६ टक्क्यांना अ‍ॅझिओट्रोप तयार होतो. द्रव आणि वाफ यांचे प्रमाण सारखेच झाल्यावर कॉलम कितीही उंच असला तरी उपयोग नाही. उरलेले पाणी मॉलिक्युलर सीव्हने (पाण्याचे रेणू शोषणाऱ्या दाण्यांनी) काढावे लागते.

नावे आणि क्रमांक

सेंद्रिय रसायनात सर्वात स्वस्तात जाणारे गुण नावांचे. '२-इथाइलपेंटेन' नावाचे संयुग नसतेच. कागदावर साखळी आडवी काढली म्हणून ती सर्वात लांब ठरत नाही. इथाइलच्या टोकापासून बोट फिरवत मोजा, सहा कार्बन भरतात. खरे नाव ३-मिथाइलहेक्झेन. डबल बाँड आणि ओएच दोन्ही असतील तर लहान क्रमांक ओएचला : ब्यूट-३-ईन-१-ऑल, 'ब्यूट-१-ईन-४-ऑल' नव्हे. नायट्राइलमध्ये त्या गटाचा कार्बनही मोजायचा.

मार्कोव्हनिकोव्हची हद्द

मार्कोव्हनिकोव्हचा नियम असा : डबल बाँडवर हायड्रोजन तिथे जातो, जिथे आधीच हायड्रोजन जास्त. पेरॉक्साइड टाकले की नियम उलटतो, हे फक्त हायड्रोजन ब्रोमाइडला. क्लोराइड आणि आयोडाइडला नाही. परीक्षक ३-मिथाइलब्यूट-१-ईनवर हायड्रोजन ब्रोमाइड टाकून विचारतात, तेव्हा नियम पाठ असलेला मुलगा २-ब्रोमो-३-मिथाइलब्यूटेन लिहून पुढे जातो. मधल्या पायरीत दुय्यम कार्बोकॅटायन (धनभार असलेला कार्बन) तयार होतो, शेजारचा हायड्राइड सरकतो, कार्बोकॅटायन तृतीयक, म्हणजे जास्त स्थिर होतो. मुख्य पदार्थ २-ब्रोमो-२-मिथाइलब्यूटेन. कार्बोकॅटायन दिसला की शेजारच्या कार्बनकडे पाहायचेच.

फेनॉल आम्लधर्मी, म्हणून बायकार्बोनेटमधून बुडबुडे काढेल असे वाटते. काढत नाही, त्याचा पीकेए (जितका कमी, तितके आम्ल तीव्र) १० आहे, कार्बोनिक आम्लाचा ६.४. पण तीन नायट्रो गट बसवलेला पिक्रिक आम्ल नावाचा फेनॉल बुडबुडे काढतो. अ‍ॅनिलीनमध्येही असेच. अमिनो गट नव्या गटाला वलयावरची ऑर्थो-पॅरा (शेजारची किंवा समोरची) जागा दाखवतो, तरी थेट नायट्रेशनमध्ये ४७ टक्के मेटा (त्या दोन्हींमधल्या जागेचे) मिळते, कारण तीव्र आम्लात अ‍ॅनिलीनचा अ‍ॅनिलिनियम झालेला असतो आणि तो मेटाकडे पाठवतो.

परमँगनेटचे टायट्रेशन

बोर्डाच्या प्रॅक्टिकलमध्ये इथे हमखास गडबड होते. रीडिंग खालच्या वक्राचे घ्या, हे सगळ्यांना पाठ. परमँगनेट इतके गडद की खालचा वक्र दिसत नाही, म्हणून ब्युरेटवर वरच्या कडेचे रीडिंग घ्यायचे. ऑक्झॅलिक आम्ल ६० ते ७० अंशांपर्यंत तापवायचे. मोहर सॉल्ट (फेरसचा क्षार) तापवायचे नाही, नाहीतर फेरसचे हवेनेच फेरिक होते आणि रीडिंग कमी येते. पहिल्या थेंबाचा गुलाबी रंग रेंगाळला म्हणून तो एंड पॉइंट (अभिक्रिया पूर्ण झाल्याची खूण) समजू नका. फ्लास्क हलवत राहा. थोडे मँगनीज आयन तयार झाले की तेच पुढची अभिक्रिया वेगाने नेतात.

फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा आला तर सल्फ्युरिक आम्ल कमी पडले आहे. परमँगनेट पाचऐवजी तीनच इलेक्ट्रॉन घेऊन मँगनीज डायऑक्साइडवर थांबले. ते रीडिंग वहीत घेऊ नका, फ्लास्क धुऊन पुन्हा करा. सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले तर परमँगनेट क्लोराइडवरही खर्च होते आणि रीडिंग वाढते. नायट्रिक टाकले तर ते स्वतःच ऑक्सिडीकरण करते आणि रीडिंग घटते. फिका गुलाबी रंग ३० सेकंद टिकला की थांबा. शेवटी गुणोत्तर : परमँगनेटचे २ मोल, ऑक्झॅलिक आम्लाचे ५. ०.०५ मोलार ऑक्झॅलिक आम्लाच्या १० मिलिलिटरला १० मिलिलिटर परमँगनेट लागले, तर ते ०.०२ मोलार. उत्तर ०.१२५ आले तर २ आणि ५ उलटे लागले आहेत.

क्षार-विश्लेषणात क्लोराइड नसतानाही 'आहे' लिहिले जाते, त्याला बहुतेक वेळा पाणी जबाबदार असते. बोअरच्या पाण्यात क्लोराइड असतोच. सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब आधी नुसत्या पाण्यात टाकून पाहा. तिथेच दुधाळ झाले तर डिस्टिल्ड पाणी मागून घ्या आणि टेस्ट ट्यूबही त्यानेच विसळा.